पांढरेपणाचा आकडा

घराचे काम संपते, सामान जागच्या जागी लागते आणि मग लक्षात येते, की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चार टाइल कमी पडल्या आहेत. त्याच दुकानात, त्याच नावाची, त्याच मापाची पेटी मिळते. बसवल्यावर मात्र त्या चार टाइल दारातूनही वेगळ्या ओळखू येतात. बाकीची लादी दुधासारखी, या किंचित पिवळसर. दुकानदार पेटीच्या कडेला छापलेला शेड क्रमांक दाखवतो आणि हात वर करतो. लॉट बदलला की शेड थोडी इकडेतिकडे होणारच, हे त्याचे म्हणणे खोटे नसते.

ती का बदलते, याचे उत्तर शोधायचे तर दुकान आणि कारखाना ओलांडून थेट खाणीपर्यंत जावे लागते. महाराष्ट्रातल्या घरांत बसणाऱ्या बहुतेक टाइल गुजरातमधल्या मोरबीतून येतात. मोरबीच्या भट्ट्यांना लागणारा एक महत्त्वाचा दगड मोठ्या प्रमाणावर राजस्थानातून येतो. अजमेर, ब्यावर, भिलवाडा या पट्ट्यात तो खणला जातो आणि तिथल्याच गिरण्यांत त्याची भुकटी केली जाते. त्याचे नाव फेल्डस्पार.

हा काही दुर्मीळ दगड नव्हे. पृथ्वीच्या कवचातला निम्म्याहून अधिक भाग फेल्डस्पार गटातल्या खनिजांचाच आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात जे पांढुरके, लांबट स्फटिक चमकताना दिसतात, तेही फेल्डस्पारच. पण काळ्या दगडात लोह इतके मिसळलेले असते, की कपबशीसाठी त्याचा उपयोग शून्य. कपबशीला लागतो तो पोटॅश किंवा सोडा असलेला, मोठमोठ्या स्फटिकांच्या शिरांमध्ये सापडणारा स्वच्छ फेल्डस्पार. राजस्थानात अशा शिरा भरपूर आहेत; म्हणूनच तुर्कस्तानच्या बरोबरीने भारत या खनिजाच्या मोठ्या उत्पादक देशांत मोडतो.

भट्टीत त्याचे काम डिंकासारखे असते. चिनी माती आकार धरते, गारगोटीची भुकटी सांगाडा उभा करते. पण दोन्ही इतक्या हट्टी, की हजार-बाराशे अंशांतही सहजी वितळत नाहीत. फेल्डस्पार साधारण ११५० अंशांच्या आसपास वितळू लागतो, दाट काचेसारखा होऊन कणांमधल्या फटींत शिरतो आणि थंड झाला की सगळे एकजीव करून टाकतो. जुन्या पद्धतीच्या पोर्सेलीनमध्ये चिनी माती निम्मी, फेल्डस्पार पाव आणि गारगोटी पाव असे ढोबळ प्रमाण असते. आजच्या विट्रिफाइड टाइलमध्ये फेल्डस्पारचा वाटा यापेक्षा बराच मोठा, अनेकदा निम्म्याच्या आसपास असतो. अशी टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते, ते या काचेमुळेच. दातावर बसवायच्या पोर्सेलीनच्या कॅपमध्येही हाच दगड असतो, आणि तिथेही दंतवैद्याची सगळी धडपड शेजारच्या दाताशी रंग जुळवण्याचीच असते.

पांढरेपणाचा शत्रू मुख्यतः एकच: लोह. उत्तम प्रतीच्या फेल्डस्पारमध्ये लोह ऑक्साइड ०.१ टक्क्याच्याही खाली असावे लागते, म्हणजे किलोभर भुकटीत एक ग्रॅमपेक्षा कमी. ते दोन-तीन ग्रॅमवर गेले की भाजलेला माल मलईकडे झुकतो. सोबत टायटॅनियम असेल तर पिवळेपणा आणखी वाढतो. हे लोह येते कुठून? काळ्या अभ्रकातून, गार्नेट आणि तुरमलीच्या बारीक दाण्यांतून, खाणीतल्या लाल मातीतून आणि दळताना झिजणाऱ्या यंत्राच्या पोलादातूनही. म्हणून चांगल्या गिरण्यांच्या पिंपांना आतून पोलादाऐवजी दगडाचे किंवा ॲल्युमिनाचे अस्तर असते आणि भुकटी चुंबकांवरून फिरवली जाते.

लोहाचा स्वभावही एकसारखा नाही. भट्टीत हवा भरपूर खेळत असेल तर ते निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते आणि माल पिवळसर-तपकिरी दिसतो. प्राणवायू कमी पडला तर तेच लोह तांबड्या बाजूचा प्रकाश गिळते आणि रंग निळसर-हिरव्याकडे जातो. चीनच्या प्रसिद्ध हिरवट सेलाडॉन भांड्यांचे रहस्य हेच. दगड तोच, लोह तेवढेच. भट्टीचा श्वास बदलला की रंग बदलतो.

त्यामुळे खाणीवर उभे राहून दगडाच्या रंगावरून निकाल देता येत नाही. गुलाबी फेल्डस्पार बघून नवखा माणूस नाक मुरडतो. पण तो गुलाबीपणा अनेकदा लोहाच्या अतिसूक्ष्म कणांची पसरट छटा असते. दिसायला गडद, प्रमाणाने थोडी. भाजल्यावर ती काचेत विरून जाऊ शकते. उलट शुभ्र दिसणाऱ्या दगडात अभ्रकाचे चार काळे ठिपके लपलेले असतील, तर भट्टीत ते वितळून टाइलवर तीळ उमटल्यासारखे दिसतात. अमेझोनाइट नावाचा हिरवा फेल्डस्पार तर तापवल्यावर आपला हिरवा रंगच गमावून बसतो.

म्हणून या धंद्यात खरी परीक्षा असते ती बटणाची. भुकटी दाबून रुपयाच्या नाण्याएवढी टिकली करायची, ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ भाजायची आणि मग बघायचे: किती वितळली, कशी चकाकते, रंग कुठला आला, ठिपके किती. व्यापारी अशी भाजलेली बटणे खिशात घेऊन फिरतात. नव्या मालाचे बटण जुन्या, पसंत केलेल्या बटणाशेजारी ठेवले, की अनुभवी डोळा क्षणात हो किंवा नाही म्हणतो. अडचण एवढीच, की तो डोळा सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दुसरे. समोर पिवळी भिंत असली तर तिसरेच. हजारो टन मालाचा भाव एवढ्या भरवशावर ठरवणे दोन्ही पक्षांना परवडत नाही.

तिथे यंत्र येते. स्पेक्ट्रोफोटोमीटर नमुन्यावर ठरावीक पांढरा प्रकाश टाकतो. अनेक यंत्रांत हे काम आतून शुभ्र असलेल्या पोकळ गोळ्यात होते, म्हणजे प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा पडतो. नमुन्यावरून परतलेला प्रकाश जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, तुकड्यातुकड्याने मोजला जातो. तुलनेला असते एक प्रमाणित पांढरी पट्टी. पूर्वापार यासाठी बेरियम सल्फेट वापरतात. नॉनस्टिक तव्यावर असतो त्या जातीचे प्लास्टिकही चालते.

पण परतलेला प्रकाश म्हणजे रंग नव्हे. रंग डोळ्यात घडतो. म्हणून या आकड्यांना ‘सरासरी माणसाच्या डोळ्या’तून जावे लागते. हा सरासरी डोळा १९३१ मध्ये प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, ठरवला. त्यामागे इंग्लंडमधल्या दोन संशोधकांचे प्रयोग होते. डेव्हिड राइट यांनी १० जणांचे डोळे तपासले होते, जॉन गिल्ड यांनी ७ जणांचे. जगभरातले रंगाचे, कापडाचे, टाइलचे करार आजही बऱ्याच अंशी या १७ जोडी डोळ्यांच्या साक्षीवर उभे आहेत. त्याच आयोगाने १९७६ मध्ये आणलेली एल-ए-बी पद्धत सिरॅमिक उद्योगात सर्रास वापरली जाते. एल म्हणजे उजळपणा: शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे परिपूर्ण पांढरा. ए हिरव्याकडून तांबड्याकडे जातो, बी निळ्याकडून पिवळ्याकडे. फेल्डस्पारवाल्याची नजर मुख्यतः एल आणि बी यांवर असते. बी वाढला की लोह बोलू लागले असे समजायचे. दोन नमुन्यांतले एकूण अंतर एकच्या आसपास असेल तर फरक जेमतेम जाणवतो. ते तीन-चारवर गेले, की स्वयंपाकघरातल्या त्या चार टाइलची गोष्ट घडते.

‘व्हाइटनेस’ म्हणून जो एकच आकडा सांगितला जातो, तो मात्र जरा फसवा आहे. माणसाला अगदी निर्विकार पांढऱ्यापेक्षा किंचित निळसर पांढरे अधिक शुभ्र वाटते. धोतराला आणि शाळेच्या सदऱ्याला नीळ घालणाऱ्या घराघरांतून हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते. सीआयईच्या पांढरेपणाच्या सूत्रातही निळसरपणाला जादा गुण आहेत. काही कारखाने ग्लेझमध्ये कोबाल्टचा कण टाकतात, तो याचसाठी. दुसरी एक पद्धत फक्त ४५७ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात परावर्तन मोजते. ती कागद उद्योगातून आली. लोहाचा पिवळेपणा निळ्या प्रकाशातच सर्वांत आधी पकडला जातो, म्हणून ती चिनी मातीलाही लागू पडली. एकच भुकटी या वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळे गुण मिळवते. तेव्हा ‘९२ व्हाइटनेस’ असे कुणी सांगितले, तर पुढचा प्रश्न ‘कुठल्या मापाने?’ हाच हवा. त्यापाठोपाठचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘किती बारीक दळून?’

खडीसाखर पारदर्शक असते आणि तीच दळली की पिठीसाखर पांढरीशुभ्र होते. साखर बदललेली नसते. पृष्ठभाग वाढलेले असतात. प्रत्येक कणाच्या कडेवर थोडा प्रकाश उसळतो. कण जितके बारीक, तितक्या कडा अधिक आणि प्रकाश आत खोल शिरून शोषला जाण्यापूर्वीच बाहेर फेकला जातो. या विखुरण्याचे आणि शोषण्याचे गणित पॉल कुबेल्का आणि फ्रांझ मुंक यांनी १९३१ मध्येच मांडले. रंगांच्या डब्यापासून कागदापर्यंत ते वापरले जाते. फेल्डस्पारच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे: लोहाचा एक कणही न काढता, नुसते अधिक बारीक दळून कच्च्या भुकटीचा पांढरेपणा वाढवता येतो. पांढऱ्या गारगोटीची भुकटी मिसळली तरी तो वाढू शकतो. भट्टीत मात्र फेल्डस्पारचे कण वितळतात, सगळ्या कडा पुसल्या जातात आणि लोह होते तेवढेच समोर येते. बटणाची परीक्षा आजही टिकून आहे, ती त्यामुळेच. यंत्राच्या खिडकीची रुंदी काही मिलिमीटर असते आणि ते त्या जागेची सरासरी सांगते. एखादा काळा ठिपका त्या सरासरीत विरून जातो. डोळा तो ठिपका आधी बघतो.

इथवरची गोष्ट ग्राहकाची आणि कारखानदाराची झाली. भुकटी बारीक करण्याचा हा आग्रह आणखी एका ठिकाणी पोचतो, तो म्हणजे गिरणीत पोती भरणाऱ्या माणसाच्या छातीत.

बाजारात विकली जाणारी भुकटी साधारणपणे ‘२०० मेश’ची असते, म्हणजे ती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाते. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड. पण ७५ ही वरची मर्यादा झाली. त्या भुकटीत पाच, तीन, एक मायक्रॉनचे कणही असतात, आणि दळण बारीक होईल तसे ते वाढत जातात. मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि खाकरून, शिंकरून बाहेर पडतात. चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण थेट फुप्फुसाच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत जातात. ते हवेत तरंगतात तेव्हा दिसतही नाहीत. उन्हाच्या कवडशात जी धूळ दिसते, ती त्यातल्या त्यात जाड असते.

फेल्डस्पार स्वतः तुलनेने कमी घातक मानला जातो. पण निसर्गात तो एकटा सापडत नाही. त्याच शिरांमध्ये गारगोटी असते आणि दळताना ती सोबत येते. गारगोटी म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचा कण वायुकोशात पोचला, की शरीरातल्या भक्षक पेशी नेहमीप्रमाणे त्याला गिळतात. पण तो पचवता येत नाही. पेशीच मरते, आतले दाहक द्रव्य सांडते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळायला येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते आणि फुप्फुसाच्या मऊ जाळीच्या जागी कडक, तंतुमय गाठी तयार होतात. हा सिलिकोसिस. सहसा तो दहा किंवा अधिक वर्षांनी दिसतो. धूळ फार असेल तर काही वर्षांत, क्वचित काही महिन्यांतही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहतो. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. क्षयरोगाचा धोका त्याच्यासोबत वाढतो. एक्स-रेमध्येही दोन्ही आजारांची गल्लत होते, त्यामुळे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे क्षयाच्या गोळ्या घेत राहतात. स्फटिकरूप सिलिकेची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले.

पांढरेपणासाठी फुप्फुसे खर्ची पडण्याची ही पहिली वेळ नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांना चिनी भांड्यांसारखा पांढरा माल हवा होता. त्यांनी मातीत चकमकीच्या दगडाची भाजून दळलेली भुकटी घालायला सुरुवात केली. चकमक म्हणजेही सिलिकाच. माल पांढरा झाला, मजबूत झाला आणि दळणारी माणसे मरू लागली. थॉमस बेन्सन याने १७२६ मध्ये ही चकमक कोरडी न दळता पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कोरड्या दळणाची धूळ माणसांचा जीव घेते, हे कारण त्या पेटंटमध्येच नोंदवलेले आहे. तीनशे वर्षे होत आली; पाणी टाकले की धूळ उडत नाही, हा शोध त्यानंतर पुन्हा लागायची गरज नव्हती.

तरीही तो हिंदुस्थानात वारंवार लागतो आणि दर वेळी फार उशिरा. मध्य प्रदेशातल्या आलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. परतलेल्यांपैकी अनेकजण ऐन तारुण्यात दम लागून मेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ते गुजरात सरकारने द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये काढावा लागला. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससह धुळीच्या आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणले. त्यात निदान झालेल्या कामगाराला ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपयांची तरतूद आहे. देशातल्या इतर राज्यांच्या तुलनेत हे पाऊल मोठे. पण हे पैसे फुप्फुस गेल्यावरचे आहेत.

फुप्फुस जाण्याआधी कळावे म्हणून अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रक्तातल्या सीसी-१६ या प्रथिनावर आधारलेली चाचणी विकसित केली आहे. सिलिकेने फुप्फुसाला इजा होऊ लागली की या प्रथिनाचे प्रमाण घटते, एक्स-रेत गाठी दिसण्याच्या आधीच. चाचणी उपयोगी आहे. पण तिने धूळ कमी होत नाही. तोंडाला बांधलेल्या गमछानेही होत नाही. पाच मायक्रॉनच्या कणाला कापडाची वीण म्हणजे उघडे फाटक. धूळ कमी होते ती बंदिस्त पट्ट्यांनी, पोती भरण्याच्या तोंडाशीच हवा ओढून घेणाऱ्या पंख्यांनी आणि पाण्याने.

गंमत अशी, की टाइलच्या कारखान्यात फेल्डस्पार पुन्हा दळलाच जातो, तोही माती आणि पाण्यासोबत मोठ्या फिरत्या पिंपांत. म्हणजे गिरणीत कोरड्या अवस्थेत काढलेली बारीक भुकटी अनेकदा कारखान्याच्या गरजेपेक्षा बाजाराच्या सवयीची असते. साबुदाण्याएवढा रवा मागवला तर कोरड्या बारीक दळणाचा टप्पाच गळतो; पिंप थोडे जास्त वेळ फिरवावे लागते आणि विजेचे बिल कारखान्याकडे सरकते. भुकटीचा पांढरा आकडा मात्र दाखवायला मिळत नाही. ग्लेझसाठी बारीक भुकटी लागते, हे खरे. पण छापील संगमरवरी नक्षीखाली झाकल्या जाणाऱ्या टाइलच्या पोटाला दुधाच्या रंगाची किती गरज आहे, हा प्रश्न खरेदीच्या टेबलावर विचारण्यासारखा आहे.

हवेतली धूळही मोजता येते, आणि त्याचे तंत्र रंग मोजण्याइतकेच जुने-जाणते आहे. कामगाराच्या कॉलरपाशी एक छोटा पंप आणि जाळी लावायची, दिवसभराची श्वसनयोग्य धूळ गोळा करायची, तोलायची आणि क्ष-किरणांनी त्यातली गारगोटी ओळखायची. कारखाना कायद्यातले सूत्र असे होते: १० भागिले, धुळीतल्या गारगोटीची टक्केवारी अधिक २. येणारा आकडा म्हणजे एक घनमीटर हवेत चालणारी श्वसनयोग्य धूळ, मिलिग्रॅममध्ये.

ही टक्केवारी किती असेल, याचा अंदाज रंगाच्या प्रमाणपत्रातही दडलेला असतो. भुकटीसोबत जो कागद येतो त्यावर पांढरेपणा, लोह, पोटॅश, सोडा आणि एकूण सिलिका असे आकडे असतात. मोकळ्या गारगोटीचा रकाना बहुधा नसतो. पण शुद्ध पोटॅश फेल्डस्पारमध्ये पोटॅश १६.९ टक्के असते आणि शुद्ध सोडा फेल्डस्पारमध्ये सोडा ११.८ टक्के. समजा, कागदावर पोटॅश ११ टक्के आणि सोडा ३ टक्के लिहिले आहे. म्हणजे पहिला फेल्डस्पार सुमारे ६५ टक्के, दुसरा सुमारे २५ टक्के. उरलेले १० टक्के बहुतांश गारगोटी आणि थोडे अभ्रक. हवेतल्या धुळीतही गारगोटीचे प्रमाण तेवढेच धरले, तर कायद्याच्या सूत्राने मर्यादा येते ०.८३ मिलिग्रॅम, आणि त्यातली गारगोटी ०.०८३ मिलिग्रॅम. अमेरिकेने २०१६ मध्ये हीच मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमवर आणली.

हा हिशेब करायला प्रयोगशाळा लागत नाही. टाइलची शेड जुळवण्यासाठी मोरबीतला खरेदी अधिकारी तो कागद तसाही वाचतो. पांढरेपणाचा आकडा त्यावर दशांशापर्यंत लिहिलेला असतो.